द्राक्षबागेचा सल्लागार आणि रग्बी लीगचा प्रशिक्षक

तासगाव तालुक्यातील आमच्या बागेत यंदा फळछाटणीनंतर फुटी निघाल्या आणि थोरले बंधू एकेका वेलीखाली वाकून घड मोजू लागले, तेव्हा त्यांच्यामागून वही घेऊन मी चालत होतो. पहिल्या वेलीवर अकरा, दुसरीवर सात, तिसरीवर नऊ आणि चौथीवर घडांच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे आधाराचे तंतू, असा तो हिशेब होता. चाळीस वेली मोजून झाल्यावर दादांनी वही मागून घेतली, बेरजेकडे एकदा पाहिले आणि ती मिटून परत दिली. शेजारच्या बागायतदाराने त्याच आठवड्यात आपला सल्लागार बदलला होता. आपणही बदलायचा का, असे मी विचारले, तेव्हा दादा म्हणाले, "घड जिरले ते मे-जूनमध्ये. तेव्हा पाऊस होता, ऊन नव्हतं. आता ऑक्टोबरात त्याला काढून वेलीला घड लागणार आहेत का?"

द्राक्षपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की, द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात होते ती फळछाटणी. घड दिसतात ते दुसऱ्या छाटणीनंतर. पण काडीच्या डोळ्यात ते धरतात खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, आणि त्या दिवसांत ऊन मिळाले नाही तर पुढे कितीही औषधे मारली तरी संख्या वाढत नाही. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता. सल्लागार कितीही शहाणा असला तरी आभाळ काही त्याच्या पगारी नव्हते.

दादांचे हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले, कारण बरोबर हाच प्रश्न माझा भाचा मला दीड वर्ष विचारत आला आहे; फक्त त्याचा विषय द्राक्षांचा नसून रग्बी लीगचा आहे. तो सिडनीच्या पश्चिमेकडील हॅरिस पार्क भागात राहतो आणि शेजारच्या पॅरामाटा क्लबचा निष्ठावान, म्हणजेच कायमचा दुःखी, समर्थक आहे. या क्लबने शेवटचे विजेतेपद १९८६ साली मिळवले. त्याच्यामुळे मलाही या खेळाचा नाद लागला. सिडनीतील शुक्रवारचा रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो, आणि निवृत्त माणसाला त्या वेळी दुसरे काय काम असते? शिवाय आयुष्यभर कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ परका वाटत नाही. तेरा जणांचा संघ, सहा वेळा पकड होईपर्यंत चेंडू आपल्याकडे, आणि प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे सरकून पुन्हा रांग धरायची. ती रांग धरण्याची, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एकदम पुढे येण्याची जी शिस्त आहे, ती सांगलीच्या मैदानांवर साखळी करून पकड करणाऱ्या कोणत्याही पोराला पटकन समजेल.

तर भाच्याचा प्रश्न असा, की हरत चाललेल्या क्लबने मुख्य प्रशिक्षक बदलावा की बदलू नये. २० मे २०२४ रोजी पॅरामाटाने ब्रॅड आर्थर यांना काढले, त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या रविवारच्या फोनवर आहे. माझे उत्तर पहिल्यापासून एकच आहे: हंगामाच्या मध्यावर बदलू नये, आणि हंगाम संपल्यावर बदलायचाच असेल तर आधी खेळाडूंची यादी कोणी केली ते विचारावे. हे उत्तर भाच्याला पुळचट वाटते. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आर्थर यांचेच उदाहरण घ्या. ते २०१४ पासून पॅरामाटाचे प्रशिक्षक होते. २०१८ मध्ये संघ तळाला गेला आणि तळाच्या संघाच्या माथी जो 'लाकडी चमचा' मारला जातो, तो त्यांच्या वाट्याला आला. त्या वेळी त्यांना काढले असते तर एकही माणूस बोलला नसता. पण क्लबने त्यांना ठेवले. पुढच्याच वर्षी हा संघ बाद फेरीत गेला आणि तिथे त्याने ब्रिस्बेनला ५८-० असे हरवले, आणि २०२२ मध्ये अंतिम सामना खेळला. तो सामना ते पेनरिथकडून २८-१२ असे हरले, तरी तिथवर पोहोचले ही गोष्ट खरीच. मग २०२४ उजाडले. हाफबॅक मिचेल मोझेस, म्हणजे ज्याच्या पायावर आणि डोक्यावर सगळे आक्रमण उभे असते तो खेळाडू, पायाच्या दुखापतीमुळे सुरुवातीचे अनेक आठवडे बाहेर राहिला, संघ हरत गेला आणि मे महिन्यात प्रशिक्षक गेले. प्रभारी म्हणून ट्रेंट बॅरेट आले. संघ शेवटी पंधरावा आला, सतरा संघांत. २०२५ साठी जेसन राइल्स यांना आणले. त्यांचा पहिलाच सामना मेलबर्नविरुद्ध ५६-१८ असा हातचा गेला आणि त्याही वर्षी बाद फेरी हुकली. राइल्स वाईट आहेत असे मी म्हणत नाही. उलट त्यांना तीन वर्षे द्यावीत असेच माझे मत आहे. माझा मुद्दा इतकाच, की मे महिन्यात आर्थर यांना काढून त्या हंगामाच्या हाती काहीच लागले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खालच्या गटात घसरण्याची भीती नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. सोळावा आला काय आणि सतरावा आला काय, पुढच्या वर्षी क्लब त्याच लीगमध्ये असतो. मग मध्यावर माणूस काढण्याची घाई कशासाठी? संचालक मंडळाला काहीतरी केल्याचे दाखवायचे असते, आणि तीस खेळाडूंचे करार मोडता येत नाहीत, एकाचा मोडता येतो. पगाराच्या एकूण रकमेवर मर्यादा असल्यामुळे चुकीच्या खेळाडूला दिलेला चार वर्षांचा करार चार वर्षे क्लबच्या मानगुटीवर बसून राहतो. नवा प्रशिक्षक येतो तो याच यादीचा वारसदार होऊन. ती यादी ज्यांनी केली ते बहुधा त्याच बैठकीत समोरच्या बाजूला बसलेले असतात आणि 'आता कठोर निर्णय घ्यावा लागेल' असे म्हणत असतात.

वेस्ट्स टायगर्स या क्लबची गोष्ट तर मला आमच्या गल्लीतील राजकारणासारखी वाटते. टिम शीन्स यांनी त्यांना २००५ मध्ये विजेते केले. २०१२ अखेर शीन्स यांना काढले. त्यानंतर मिक पॉटर, जेसन टेलर, आयव्हन क्लीअरी, मायकल मॅग्वायर असे एकामागून एक आले आणि गेले. टेलर यांना तर २०१७ चा हंगाम सुरू होऊन तीन सामने झाले तोच निरोप मिळाला. २०२२ च्या जूनमध्ये मॅग्वायर यांना काढले आणि २०२३ साठी कोणाला आणले, तर पुन्हा शीन्स यांनाच! दहा वर्षे फिरून गाडी परत त्याच स्टँडवर. त्यांच्यानंतर बेन्जी मार्शल आले. निकाल काय, तर २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे लाकडी चमचा, आणि २०११ नंतर बाद फेरीचे दर्शन नाही. इतके प्रशिक्षक बदलून जे आले नाही, ते प्रशिक्षकात नव्हतेच, एवढे तरी एखाद्या संचालकाच्या ध्यानात यायला हरकत नव्हती.

आणि ज्यांना काढले त्या मॅग्वायर यांचे काय झाले? ते काही कच्चे नव्हतेच. इंग्लंडमध्ये २०१० साली त्यांनी विगनला विजेतेपद मिळवून दिले होते, २०१४ साली साउथ सिडनीला, तेही त्रेचाळीस वर्षांनी. टायगर्सने काढल्यावर त्यांच्या न्यूझीलंड संघाने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाला ३०-० असे हरवले, २०२४ मध्ये त्यांच्या न्यू साउथ वेल्सने क्वीन्सलँडविरुद्धची स्टेट ऑफ ओरिजिन ही दोन राज्यांमधील मालिका जिंकली आणि ५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांच्या ब्रिस्बेनने मेलबर्नला २६-२२ असे हरवून २००६ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. तो सामना मी दुपारी पाहिला आणि फोन लगेच वाजला. "मामा, आता बोला. ब्रिस्बेनने केव्हिन वॉल्टर्सना काढलं नसतं तर हे झालं असतं का?"

भाच्याचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वॉल्टर्स यांनी तळाला गेलेला संघ हाती घेतला होता आणि २०२३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. तिथे २४-८ अशी आघाडी असताना पेनरिथने तो २६-२४ असा हिसकावला. पुढच्या वर्षी हाच संघ बारावा आला आणि हंगाम संपल्यावर वॉल्टर्स गेले. मग माझे उत्तर चुकले का? मला तसे वाटत नाही. रीस वॉल्श, पेन हास, पॅट्रिक कॅरिगन, ॲडम रेनॉल्ड्स ही माणसे ज्या यादीत होती, ती यादी बारावी येण्याची नव्हे. दादांच्या भाषेत सांगायचे तर तिथे घड भरपूर लागले होते, पण मणी फुगत नव्हता आणि साखर भरत नव्हती. फुगवण, साखर, भुरी-डावणी या रोगांपासून राखण ही कामे फळछाटणीनंतरची आहेत आणि त्या कामांत सल्लागाराचा हात खरोखर दिसतो. तिथे माणूस बदलून फरक पडतो. शिवाय ब्रिस्बेनने हे हंगाम संपल्यावर केले आणि दुसरा माणूस कोण, हे त्यांना ठाऊक होते.

टायगर्सची बाग वेगळी होती; तिथे काड्याच वांझ होत्या. म्हणून एकच मॅग्वायर एका ठिकाणी नालायक ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी विजेते.

पेनरिथची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आयव्हन क्लीअरी यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या अँथनी ग्रिफिन यांना २०१८ च्या ऑगस्टमध्ये, संघ बाद फेरीच्या वाटेवर असताना, साखळीचे चार आठवडे उरले असताना काढले. मग मधल्या काळात टायगर्सकडे गेलेल्या क्लीअरी यांना परत बोलावले. परत आल्यावरचे पहिले वर्ष दहाव्या क्रमांकाचे होते. दुसऱ्या वर्षी साखळीत फक्त एक पराभव झाला आणि २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार विजेतेपदे आली. याला काय म्हणावे? प्रशिक्षक बदलल्याचा विजय म्हणावा, तर ज्यांना आधी काढले तेच हे प्रशिक्षक. न बदलल्याचा म्हणावा, तर मध्ये दुसरे येऊन गेले. माझ्या मते उत्तर त्या यादीत आहे. नेथन क्लीअरी, ब्रायन टोओ, जरोम लुआय, आयझाया यो, लियम मार्टिन ही पोरे पेनरिथच्या स्वतःच्या तालमीतून वर आली होती आणि त्यांना घडवणारी व्यवस्था कित्येक वर्षे आधी उभी केलेली होती. घड आधीच धरलेले होते. प्रशिक्षक आयव्हन क्लीअरी यांचे श्रेय मी कमी करत नाही. चार वर्षे सलग बाग अशी राखणे सोपे नसते. पण २०१५ मध्ये त्यांना काढणाऱ्या क्लबला २०१९ मधील अपयशानंतरही त्यांना पुन्हा काढण्याची बुद्धी झाली नाही, ही त्या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना आहे.

येथे मला माझीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी सांगलीतील एका कबड्डी मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. आमचा संघ लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरला. मंदिरामागच्या खोलीत बैठक झाली, चहा झाला, आणि प्रशिक्षक बदलण्याच्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ठराव झाला, पण सरांना कळवायचे कोणी, हे ठरले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सर नेहमीप्रमाणे फक्कीची पिशवी घेऊन मैदानावर आले, वाकून रेषा मारू लागले, आणि नवे प्रशिक्षक शिट्टी गळ्यात घालून कडेला उभे होते. मधली रेषा पूर्ण करूनच सर थांबले.

पुढच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत गेलो. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. हात मोडल्यामुळे तिन्ही स्पर्धांत नसलेला आमचा डावा कोपरारक्षक परत आला होता आणि आमच्या गटात एकही बलाढ्य संघ नव्हता, या दोन गोष्टींचा उल्लेख कार्यवृत्तात नाही. वर्षभरात तीन पोरे नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आम्ही पुन्हा पहिल्या फेरीत हरू लागलो.

तीन वेळा लागोपाठ वाईट खेळलेला संघ चौथ्या वेळी बहुतेकदा बरा खेळतो, कारण इतके वाईट खेळत राहणे हेही त्याच्या कुवतीच्या बाहेरचे असते. प्रशिक्षक काढला जातो तो नेमका सगळ्यात खालच्या टप्प्यावर, त्यामुळे पुढची साहजिक चढण नव्या माणसाच्या नावावर जमा होते. बास तेर वेल या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील डच फुटबॉलचा अभ्यास करून हेच दाखवले होते, की घसरणीनंतर प्रशिक्षक बदललेले क्लब सावरले, पण तशाच घसरणीनंतर न बदललेले क्लबही तितकेच सावरले. फुटबॉल आणि रग्बी लीग वेगळे आहेत हे खरे. आमच्या मंदिरामागच्या खोलीला मात्र हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो.

इंग्लंडमध्ये परिस्थिती निराळी होती, कारण तिथे २०२३ पर्यंत तळाचा संघ खालच्या गटात जाई आणि त्यासोबत पैसाही जाई. अशा वेळी मध्यावर माणूस बदलण्याचा मोह मी समजू शकतो. तरीही लीड्सने २०१६ मध्ये काय केले ते पाहा. आदल्या वर्षी देशातील तिन्ही मोठे करंडक जिंकलेला हा क्लब नवव्या स्थानावर घसरला आणि त्याला आपली जागा राखण्यासाठी खालच्या संघांबरोबरच्या पात्रता फेरीत खेळावे लागले. हंगामापूर्वी नदीच्या पुरात त्यांचे सरावाचे मैदानच बुडाले होते, हे सांगलीकराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. क्लबने ब्रायन मॅकडरमॉट यांना ठेवले आणि २०१७ मध्ये त्यांनी अंतिम सामन्यात कॅसलफर्डला २४-६ असे हरवले. पुढच्याच जुलैमध्ये मात्र त्याच क्लबने त्यांना काढले, आणि त्यानंतर २०२५ पर्यंत लीड्सला पुन्हा लीगचे विजेतेपद मिळाले नाही. हल शहरातील हल केआर या क्लबने २०२० मध्ये तळाला राहूनही टोनी स्मिथ यांना ठेवले आणि २०२१ मध्ये उपांत्य फेरी गाठली. पुढे विली पीटर्स आले आणि २०२५ मध्ये तिन्ही करंडक त्यांच्याकडे आले. त्याच शहरातील दुसऱ्या क्लबने स्मिथ यांना घेतले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये काढले. तो क्लब त्या वर्षी बारांत अकरावा आला. वेकफील्ड २०२३ मध्ये खाली गेले, पण तिथे मालक, यादी आणि प्रशिक्षक असे तिन्ही एकदम बदलले आणि २०२५ मध्ये वर येऊन ते सहावे आले. बदलायचे तर असे बदलावे.

मग प्रशिक्षक कधीच काढू नये का? काढावा, पण गुणतक्ता पाहून नव्हे. मी भाच्याला पाहायला सांगतो ते वेगळेच. समोरच्याने आपली रांग फोडली, म्हणजे गोल रेषेकडे मोकळा पळत सुटला, की आपला लांबचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा गडी, काय करतो? तो साठ मीटर मागे जिवाच्या आकांताने पळतो, की दोन पावले टाकून कमरेवर हात ठेवतो? सहाव्या पकडीआधी आपण लाथ मारली की चेंडूमागे चौघे एका रेषेत धावतात, की एकटाच धावतो? याला उंची लागत नाही, वेग लागत नाही, पगाराची मर्यादाही आड येत नाही. खेळाडू प्रशिक्षकाचे ऐकायचे थांबले की सर्वांत आधी हे थांबते. संघ वीस गुणांनी हरत असताना हे सगळे चालू असेल तर तो माणूस ठेवावा, आणि दोन गुणांनी जिंकत असतानाही हे थांबले असेल तर नव्याचा शोध सुरू करावा. आर्थर यांच्या शेवटच्या महिन्यात पॅरामाटाचे विंगर मागे पळत होते का, यावर मात्र आमचे दोघांचे अजून एकमत नाही. तो म्हणतो नव्हते, मी म्हणतो एक पळत होता. आर्थर मात्र त्याच जुलैमध्ये लीड्सला गेले, आणि आठवा आलेला तो संघ पुढच्या वर्षी चौथा आला.

गेल्या रविवारी भाच्याने विचारले, की मग राइल्स यांचा हिशेब कधी करायचा. मी म्हणालो, अजून दोन हंगामांनी, जुने करार संपून यादी त्यांची झाली की. पलीकडून तो हसला. "मामा, तोवर मी चाळिशीत जाईन." माझ्याजवळ दादा बसले होते, बेदाण्याच्या दराचा कागद वाचत. त्यांनी वर न पाहता विचारले, "कोणाला काढताहेत?"